पावागड : देखावा आणि डोंगर

बडोद्यास जाणे झाले की कमाटीबागेतील संग्रहालयाच्या चित्रशाळेत मी तासभर तरी काढतो. सयाजीराव महाराजांनी मॅरियन स्पीलमन या इंग्रज कलासमीक्षकाकडून युरोपची चित्रे निवडून घेतली. पहिल्या महायुद्धामुळे ती यायला उशीर झाला आणि १९२१ साली चित्रशाळा खुली झाली. परक्या मुलखातली टेकडीही त्या चित्रकाराच्या रोजच्या ओळखीची असावी, असे तिथे सारखे जाणवते.

हे डोळ्यांत असतानाच यंदा शहरातील एका छोट्या दालनात पावागडावरील जलरंगचित्रांचे प्रदर्शन पाहिले. चित्रकार हौशी, त्यांत काही कलाशिक्षक. म्हणून नावे घेत नाही. हात मात्र तयार आहेत. आकाशाचा ओला रंग कागदावर असा सोडणे सोपे नव्हे.

तक्रार आहे ती डोंगराविषयी. बहुतेक चित्रांत निळसर रांगांमागे रांगा, पायथ्याशी धुके, मधून खळाळणारा ओढा. या रांगा आणल्या कोठून? पावागड एकटा आहे. हालोलच्या वाटेवर सपाट शेतांतून तो एकदम उठतो. अंगावर काळ्या दगडाच्या पायऱ्या, माचीपाशी थोडी सपाटी, पुन्हा उभा कडा आणि माथ्यावर कालिकामाता. हा काळा दगड आपल्या सह्याद्रीचाच, त्याच लाव्हारसाचा. पण सह्याद्री ही भिंत, पावागड खांबासारखा. चित्रकाराला हा फरक दिसला नाही तर खाली नाव कशाला लिहायचे?

दोष एकट्या बडोदेकरांचा नाही. आमच्या सीमाभागातल्या शाळेत ‘निसर्गचित्र काढा’ म्हटले की मराठी मुले काय, कानडी मुले काय, तीन त्रिकोण काढतात, मधे अर्धा सूर्य, शेजारी नारळाचे झाड. गावात नारळ औषधालाही नाही! कॅलेंडर पाहून हात वळतो आणि परीक्षक गुणही देतात.

वास्तविक याच शहरात वेगळा धडा मिळत होता. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे १९५० ते १९६६ येथील ललितकला विद्याशाखेत शिकवीत. तरुणपणी काश्मिरात राहून त्यांनी तिकडची दृश्ये रंगवली होती. १९५४ साली श्रीनगरचे गुलाम रसूल संतोष शिष्यवृत्ती घेऊन त्यांच्याकडे आले. संतोष आधीपासून काश्मीरची निसर्गचित्रे काढीत. पुढे त्यांच्या चित्रांत डोंगर आणि घरे कोनांत, पृष्ठांत मांडली जाऊ लागली. हिमालयाच्या कुशीतला माणूस सपाट बडोद्यात शिकायला येतो, ही गोष्ट मला मोठी वाटते. देखावा त्याच्यापाशी भरपूर होता. हवी होती ती बांधणी.

प्रदर्शनात तशी बांधणी एकाच चित्रात सापडली. भर दुपार, धुके नाही. पुढे चांपानेरच्या पडक्या तटाचा तुकडा, मागे उन्हाने फिकटलेला डोंगर, त्यावर रोपवेची तार सरळ ओढलेली. ती तार रंगवायला धैर्य लागते. चित्र दाराआड टांगले होते. विकल्या गेलेल्या चित्रांवरची लाल टिकली त्यावर नव्हती. मी पाहत असता एक वृद्ध गुजराती बाई शेजारी थांबल्या आणि नातवाला म्हणाल्या, “जो, आ आपणो पावागढ!” आधीच्या चित्रांपुढे त्या काही बोलल्या नव्हत्या.