जमीनविक्रेत्याचे भावज्ञान : 'ग्लेनगॅरी ग्लेन रॉस'मधील संवादांचा विचार

डेव्हिड मॅमेट यांचे 'ग्लेनगॅरी ग्लेन रॉस' हे नाटक १९८३ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये प्रथम रंगभूमीवर आले आणि १९८४ साली त्यास पुलित्झर पारितोषिक मिळाले. शिकागोतील एका कचेरीत बसून दूरच्या फ्लॉरिडातील जमिनी गिऱ्हाइकांच्या गळ्यात घालणाऱ्या चार विक्रेत्यांची ही कथा होय. (सपाट फ्लॉरिडातील भूखंडांना स्कॉटलंडच्या दऱ्यांची नावे द्यावीत, यातच या धंद्याचे अर्धे व्याकरण आले.) नाटकाची चर्चा बहुधा त्यातील शिवराळ भाषा आणि भांडवलशाहीवरील टीका या दोन मुद्द्यांभोवती घोटाळत राहिली आहे. वस्तुतः त्याचे मर्म तिसऱ्याच ठिकाणी आहे. दुसऱ्याच्या मनातील भाव ओळखणे आणि त्या ओळखीचा उपयोग करणे, या दोन क्रियांमधील अंतर हा या नाटकाचा खरा विषय आहे.

'भावनिक बुद्धिमत्ता' ही संज्ञा सॅलोव्ही व मेयर यांच्या १९९०च्या निबंधाने शास्त्रीय चर्चेत रुजली आणि गोलमन यांच्या १९९५च्या ग्रंथाने ती घरोघर पोचविली. पुढे विक्रीकलेच्या पुस्तकांनी ती उचलली. विशेषतः घरे व जमिनी विकणाऱ्यांना असे सांगण्यात येऊ लागले की, ग्राहकाची भीती, आशा आणि संकोच ओळखणारा विक्रेता अधिक यशस्वी होतो व ग्राहकही अधिक समाधानी राहतो. या विधानाचा पूर्वार्ध खरा असू शकेल. उत्तरार्ध मात्र पूर्वार्धातून निष्पन्न होत नाही. मूळ व्याख्येत स्वतःच्या व इतरांच्या भावना पारखून त्या माहितीच्या आधारे विचार व कृती करण्याची क्षमता एवढेच अभिप्रेत आहे. ही कृती कोणाच्या हिताची, याविषयी व्याख्या मौन पाळते.

हे मौन म्हणजे काय, हे पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात दिसते. चिनी उपाहारगृहात रिचर्ड रोमा हा विक्रेता जेम्स लिंक या अनोळखी गृहस्थाशी बोलत असतो. पाप, भय, सुरक्षितता, भोगलेले सुख असे विषय येतात आणि जातात. जमिनीचा उल्लेखही नाही. अगदी शेवटी नावांची देवघेव होते आणि रोमा माहितीपत्रक उलगडतो. या दीर्घ भाषणात खोटे ठरविता येईल असे विधान जवळजवळ सापडत नाही, कारण जमिनीविषयी विधानच केलेले नाही. केवळ सहवासाचा धागा जोडणाऱ्या बोलण्याला मालिनोव्स्की यांनी १९२३ साली वेगळे स्थान दिले; रोमा नेमक्या त्याच बोलण्याचा सापळा करतो. लिंकचे एकाकीपण तो अचूक जाणतो. मराठीत 'गिऱ्हाईक' हा शब्द व्यापाराचा, परंतु 'एखाद्याचे गिऱ्हाईक करणे' हा प्रयोग उपहासाचा व फसगतीचा आहे. या प्रवेशात एकाच माणसाच्या वाट्याला दोन्ही अर्थ येतात.

दुसऱ्या प्रवेशात मॉस आणि आरोनाव कचेरी फोडण्याविषयी बोलत असतात. आपण हे नुसते बोलत आहोत की ठरवीत आहोत, हा आरोनावचा प्रश्न आहे. 'बोलणे' आणि 'बोलणी' यांतील भेद मराठीत एका स्वराने होतो. या दोघांना त्यासाठी 'टॉक' आणि 'स्पीक' या क्रियापदांची ओढाताण करावी लागते. आरोनावला उत्तर मिळते तेव्हा तो केवळ ऐकल्यामुळे भागीदार ठरलेला असतो. ऑस्टिन यांच्या १९६२च्या ग्रंथाने उच्चार ही कृती असते हे दाखविले. येथे श्रवणालाही कृतीचे दायित्व चिकटविले जाते.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र लेव्हीन या उतरत्या काळातील विक्रेत्याचे आहे. न्यायबोर्ग दांपत्यास आपण आठ भूखंड कसे विकले, त्यांच्या स्वयंपाकघरात आपण कसे निःशब्द बसून राहिलो आणि त्यांनी अखेर सही कशी केली, हे तो विजयी मुद्रेने सांगतो. पुढे उलगडा होतो की धनादेश कवडीमोल आहे. त्या दोघांना विक्रेत्यांशी बोलत बसणे तेवढे आवडते. ज्या सहवासाचे रोमा भांडवल करतो, तोच सहवास हे दांपत्य विक्रेत्याकडून फुकट मिळविते. लेव्हीनने त्यांचे मौन वाचले, पण चुकीचे वाचले. भावज्ञान हे संभाव्य ज्ञान असते आणि गरजू मनुष्य त्यात आपली गरजच वाचतो, हे विक्रीशास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच आढळते. स्पर्धेत पहिल्यास कॅडिलॅक मोटार आणि तळाशी राहणाऱ्यावर बेकारी, अशा व्यवस्थेत शांतपणे वाचावयास सवड कोणाला असणार? आर्ली हॉकशील्ड यांनी नाटकाच्याच वर्षी, १९८३ साली, विमानसेविकांच्या आधारे भावनांच्या मजुरीचा जो विचार मांडला, तो येथे लेव्हीनला लागू पडतो, रोमाला फारसा पडत नाही. रोमाला हे काम मनापासून आवडते.

लिंक करार मोडावयास येतो तेव्हा कायद्याने दिलेली तीन कामकाजी दिवसांची मुदत त्याच्या हाती असते. कायदा येथे रोमाच्या वाक्यांची सत्यता तपासत नाही, तो ऐकणाऱ्यास फक्त घरी जाण्यास अवधी देतो. असल्या भाषेवर दुसरा उपाय संभवत नाही, हे त्याने बरोबर ओळखले आहे. रोमा तो अवधीच गप्पांत संपवू पाहतो. व्यवहार फिसकटतो तो मुख्यतः व्यवस्थापकाच्या अनाठायी वाक्यामुळे. आणि जाता जाता लिंक रोमाचीच क्षमा मागतो.

नाटकात एक उणीव राहिली आहे. लिंकला परत पाठविणारी त्याची पत्नी रंगमंचावर येतच नाही. नवऱ्याचे मन रोमाइतकेच ओळखणारी, पण त्या ओळखीचा त्याच्या रक्षणासाठी उपयोग करणारी तीच एक व्यक्ती आहे. तिला बोलू दिले असते तर भावज्ञानाची दुसरी बाजूही तोलता आली असती. मॅमेट यांना विक्रेत्यांच्या भाषेचा मोह सुटला नाही, आणि प्रेक्षकही रोमाच्या वाक्चातुर्याला टाळ्या देत लिंकच्या खुर्चीवर जाऊन बसतो. लेव्हीनची ज्याने नुकतीच गुरू म्हणून स्तुती केली, तोच रोमा त्याची पाठ फिरताच व्यवस्थापकाला बजावतो की, आपली कमाई आपलीच, पण लेव्हीनच्या कमाईत मात्र आपला वाटा राहील.