'अपूर्वाई' : दोघांचा प्रवास, एकाचे कथन

आम्हां कॅसलरॉककरांना परदेश ही कल्पना फार दूरची नाही. १९६१ पर्यंत आमचे स्थानक पोर्तुगीज गोव्याच्या सरहद्दीवरचे होते. घाट उतरला की राज्य बदलत असे. पानातला भात मात्र तोच राही.

म्हणूनच की काय, पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' (१९६०) पुन्हा वाचताना माझे लक्ष प्रेक्षणीय स्थळांपेक्षा जेवण व मुक्काम यांच्या वर्णनाकडे अधिक गेले. विलायतेत नवख्या असलेल्या दांपत्याची फजिती सांगताना पुलं आपल्याच जिभेच्या हट्टाला हसतात. हे या पुस्तकाचे मोठे बळ होय.

तथापि एक उणीव जाणवते. परक्या घरात राहताना सुनीताबाईंना प्रथम काय वाटले, हे आपल्याला पतीच्या विनोदातूनच कळते. तीस वर्षांनी 'आहे मनोहर तरी' (१९९०) प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांची नजर किती स्वतंत्र व परखड होती हे वाचकांस उमगले. त्या नजरेने टिपलेली विलायत तेव्हाच लिहिली गेली असती, तर मराठी प्रवासवर्णन अधिक समृद्ध झाले असते. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत, एवढेच सुचवितो.