हिरवा दिवा आधी बघा: यूएसबी होस्टच्या धड्यांवर एक आक्षेप

आज आपण एक परिचित बोर्ड घेतलाय, एसटीएम३२एफ४ डिस्कव्हरी. आक्षेप मात्र बोर्डावर फारसा नाही. तो ज्या क्रमाने शिकवला जातो, त्यावर आहे.

बोर्डाला पेनड्राइव्ह लावायचा आहे, म्हणजे बोर्डाला होस्ट व्हायचंय. धडा काय सांगतो? पीए११ ही डी-मायनस, पीए१२ ही डी-प्लस. दोन्हींना ऑल्टरनेट फंक्शन १० द्या. ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ८ ने भागा, ३३६ ने गुणा, ७ ने भागा, की यूएसबीला लागणारे ४८ मेगाहर्ट्झ मिळाले. यात चूक एकही नाही. तरी पेनड्राइव्ह ढिम्म! मग विद्यार्थी डेटाच्या तारा, घड्याळ, कोड सगळं उसकटत बसतो आणि शेवटी ‘आपल्याला हे जमणारं नाही’ असं म्हणतो. आम्हाला खटकतं ते हे.

आता मुळाशी जाऊ. होस्टने दोन्ही डेटा तारा १५ किलोओहमने खाली ओढून धरलेल्या असतात. फुल-स्पीड उपकरण १.५ किलोओहमने डी-प्लस वर ओढतं, तेव्हा होस्टला कळतं की कोणीतरी आलंय. पण व्हीबसवर ५ व्होल्ट असल्याशिवाय उपकरणाने ती तार ओढायचीच नाही, असा नियम आहे. स्वतःची वीज असलेल्या उपकरणालाही तो लागू. म्हणजे बघा, होस्टचं पहिलं काम ऐकणं नव्हे, वीज देणं.

या बोर्डावर ती वीज एका पॉवर स्विचमधून जाते, आणि स्विच पीसी० च्या हातात आहे. ही पिन यूएसबी पेरिफेरलची नाहीच, साधी जीपीआयओ आहे. शिवाय उलटी चालते: शून्य दिलं की वीज सुरू. क्यूबएमएक्समध्ये नुसतं ‘होस्ट ओन्ली’ निवडलं की पेरिफेरल पीए११ आणि पीए१२ ताब्यात घेतं. व्हीबस कोणत्या पिनने चालू करायचा, ते वेगळं सांगावं लागतं. चित्रात दोन पिना हिरव्या झाल्या की काम संपल्यासारखं वाटतं, आणि तिथेच फसायला होतं.

बोर्ड बनवणाऱ्यांची बाजूही मांडू. हाच पोर्ट डिव्हाइस म्हणून संगणकाला जोडला, तर दोन्हीकडून ५ व्होल्ट समोरासमोर येऊ नयेत. म्हणून स्विच सुरुवातीला बंद असणं शहाणपणाचंच. जास्त करंट ओढला गेल्याची खबर पीडी५ वर येते, तीही सोय चांगली. धड्यांनी या दोन पिना तळटीपेत ढकलल्या, हा दोष धड्यांचा.

आमचं म्हणणं एवढंच, की क्रम बदला. आधी पीसी० खाली ओढा आणि एलडी७ हा हिरवा दिवा लागतो का ते बघा. दिवा नसेल तर डेटाच्या पिनांना हात लावू नका. दिवा लागला, की मग पीए११, पीए१२ आणि घड्याळ. विद्यार्थ्याचे दोन दिवस वाचतील, आणि होस्ट म्हणजे काय हेही त्याला कळलेलं असेल.