भरतकामाखाली दडलेले कापड

सब्यसाची मुखर्जी यांच्या वस्त्रगृहाच्या पंचविशीनिमित्त जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत जो भव्य सोहळा झाला, त्याविषयी लिहिताना बहुतेकांनी दीपिका पदुकोणचा प्रवेश, दागिन्यांचे थर आणि पाहुण्यांची यादी यांतच धन्यता मानली. कापडाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. मनीष मल्होत्रा यांच्या झगमगाटाविषयी बोलण्यासारखे आता काही उरलेले नाही. मार्च २०२३ मध्ये गेटवे ऑफ इंडियापुढे संग्रह मांडणाऱ्या दिओरने निदान भरतकाम करणाऱ्या मुंबईच्या चाणक्य संस्थेचे नाव तरी घेतले होते.

याउलट गौरांग शाह यांची जामदानी असो किंवा २०२१ मध्ये पॅरिसच्या उच्चवस्त्र सप्ताहात पोहोचलेल्या वैशाली एस. यांची हातमागाच्या कापडालाच पीळ देऊन घडवलेली वस्त्रे असोत, तेथे रचना मागापासून सुरू होते. या दृष्टीचा कस पाहायचा तर गोंदियाकडे वळावे लागते. मुखर्जींचे वस्त्रगृह ज्या १९९९ मध्ये सुरू झाले, त्याच वर्षी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात आणि त्याच्या शेजारच्या जंगलपट्ट्यात ऐन व अर्जुनाच्या झाडांवर कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, अळी उघड्यावर वाढते आणि ढिवर कुटुंबे पाखरांपासून तिची राखण करतात. त्या सुताची जाडी एकसारखी नसते. त्यामुळे कापडाला बोटांना जाणवणारा खरखरीतपणा येतो आणि रंगाचा थेंबही न लावता त्यावर मधाची झाक दिसते. भंडारा-नागपूरकडचे कोष्टी विणकर त्याला सुती करवती काठ, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखी किनार, जोडतात. त्यासाठी अंगाचा एक आणि काठांचे दोन असे तीन धोटे चालतात, आणि अंग व काठ यांचे बाणे सांध्यावर एकमेकांत अडकवले जातात.

आलिशान वस्त्रगृहे याच कोशाला भरतकामाची जमीन समजतात, त्यावर जरदोसी आणि मणी इतके चढवतात की खाली यंत्रमागाचे कापड असते तरी फरक पडला नसता, आणि त्या वजनालाच परंपरा म्हणून विकतात. यावर समीक्षक गप्प बसत असतील, तर त्यांचे लिखाण जाहिरातीपेक्षा वेगळे कसे ठरवायचे? कारागिरांना काम मिळते, हा नेहमीचा बचाव अर्धाच खरा आहे, कारण काम मिळते ते भरतकाम करणाऱ्याला. अळी राखणारा आणि विणणारा यांचा उल्लेख किमतीच्या चिठ्ठीवरही नसतो. शिवाय करवती काठ कापून घेरदार लेहेंग्याच्या कळ्यांना लावला, तर दाते चुण्यांत बुजतात आणि धोट्यांनी साधलेला सांधा कात्रीखाली उसवतो. हे वस्त्र नऊवारी किंवा सहावारी लांबीत, अखंडच नेसायचे असते. ते ज्यांना पुरेसे दिमाखदार वाटत नाही, त्यांनी कोशाला हात न लावलेलाच बरा.