नगरप्रेमाची कसोटी

आपल्या शहरावर प्रेम करणें सोपें आहे. तें प्रेम प्रामाणिकपणें लिहून दाखविणें कठीण. दोषांकडे डोळेझाक केली तर लेखन भाटगिरी ठरतें, आणि केवळ दोषच मोजले तर फिर्याद होते. मुंबईविषयींच्या मराठी लेखनानें या अडचणींतून वाट कशी काढली, हें पाहण्यासारखें आहे.

गोविंद नारायण माडगांवकर यांचें ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ सालीं प्रसिद्ध झालें. नाना जातींचे, नाना भाषांचे लोक एका बेटावर कसे नांदतात, याविषयींचें त्यांतील कुतूहल आजहि ताजें वाटतें. परंतु ही दृष्टि मुख्यत्वें निरीक्षकाची आहे. कोण कोणाच्या शेजारीं राहतो हें ती आवडीनें सांगते. कोण कोणाच्या श्रमावर राहतो, हा तिचा मुख्य प्रश्न नव्हे.

तो प्रश्न शाहीर अण्णा भाऊ साठे यांनीं हातीं घेतला. पठ्ठे बापूरावांनीं लावणींत मुंबईची शोभा गाइली होती. तिला उत्तर म्हणून अण्णा भाऊंनीं आपली ‘मुंबईची लावणी’ रचली. एकीकडे मलबार हिल, दुसरीकडे परळ, असा तिच्यांतील विरोध आहे. आम्हांस विशेष वाटतें तें हें कीं, हा जाब विचारण्यासाठीं त्यांनीं शृंगाराशीं नातें सांगणारी लावणीच निवडली. वाटेगांवाहून येऊन गिरणींत राबलेल्या या शाहिराचा राग परक्याचा नाहीं. मुंबई आपली, म्हणूनच तो तिच्यावर रागावतो.

नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपीठा’ (१९७२) याहून पुढें जातो. त्यास प्रस्तावना लिहितांना विजय तेंडुलकरांसारख्या जाणत्या लेखकासहि कित्येक शब्दांचे अर्थ कवीकडून समजून घ्यावे लागले. शहर एक, भाषा एक, तरी मध्यें दुभाषा हवा! विषमता केवळ मिळकतींत नसून शब्दांतहि असते, याचा याहून ठळक पुरावा कोणता? या कवितेंत शहराचा द्वेषच आहे असें म्हणणाऱ्यांशीं आम्ही सहमत नाहीं. ढसाळ अन्यत्र मुंबईस एकाच संबोधनांत प्रियाहि म्हणतात व शिवीहि देतात. ज्याचा जीव जडलेला नाहीं तो एवढी सलगी करीत नाहीं. तो पाठ फिरवून निघून जातो.

अण्णा भाऊंचा नकाशा मात्र आतां जुना झाला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागेवर आज मॉल आहे; जुन्या चाळीसमोरच उत्तुंग मनोरे उभे आहेत. पूर्वीं दोन टोकांस असलेलें अंतर आज एका रस्त्यावर आलें, आणि म्हणूनच तें दिसेनासें होण्याचा धोका वाढला. शेजार पाहून समता आली असें मानणें फार सोयीचें असतें.

आजच्या मुंबईविषयींच्या पुस्तकाकडून आमची अपेक्षा याच ठिकाणीं सुरू होते. शहरांतील भाषा, खाद्यपदार्थ आणि सण यांची यादी वाचावयास गोड लागते. पण मनोऱ्यांत भांडीं घासून संध्याकाळीं चाळींत परतणाऱ्या बाईस तें शहर कसें दिसतें, हें त्या यादींत नसेल, तर लेखकाचें नगरप्रेम अजून अर्ध्या वाटेवरच आहे असें आम्ही समजूं.