वाटाड्या, यजमान आणि निवेदक : एव्हरेस्टविषयक तीन ग्रंथांचा विचार

(१)

गिर्यारोहणविषयक वाङ्मयाचा विचार करताना समीक्षकाचे लक्ष बहुधा शिखराकडे असते; शिखराकडे नेणाऱ्या व्यवस्थेकडे ते क्वचितच वळते. १९५३ साली एव्हरेस्ट प्रथम सर झाले त्या काळी मोहीम ही एखाद्या राष्ट्राची वा संस्थेची असे. तीत जाणारे गिर्यारोहक निवडले जात आणि मोहिमेचा अधिकृत वृत्तान्त लिहिण्याचे काम रीतीप्रमाणे नेत्याकडे येई. १९८५ साली डिक बास हे पंचावन्न वर्षांचे अमेरिकन उद्योजक डेव्हिड ब्रेशिअर्स या अनुभवी गिर्यारोहकाच्या सोबतीने एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. त्यानंतरच्या दशकात शुल्क भरून, व्यावसायिक वाटाड्यांच्या देखरेखीखाली चढण्याची पद्धत तेथे रूढ झाली. या पालटाने गिर्यारोहणाचे अर्थकारण बदलले, हे सर्वपरिचित आहे. त्याने निवेदकही बदलला, ही गोष्ट मात्र वाङ्मयाच्या अभ्यासकांनी पुरेशी ध्यानात घेतलेली नाही.

मोल देऊन चढणारा, मोल घेऊन चढविणारा आणि दोघांचेही ओझे वाहणारा असे तीन पक्ष या नव्या मोहिमेत असतात. मोहिमेची हकीकत कोणाची आणि ती सांगण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यामुळे केवळ रचनेचा राहत नाही. तो न्यायाचा होतो. १९९६ च्या वसंतातील एव्हरेस्टवर लिहिल्या गेलेल्या तीन ग्रंथांच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. जॉन क्राकौअर यांचा ‘इन्टु थिन एअर’ (१९९७), अनातोली बुक्रीव्ह आणि जी. वेस्टन डिवॉल्ट यांचा ‘द क्लाइंब’ (१९९७) व जामलिंग तेनझिंग नोर्गे यांनी ब्रॉटन कोबर्न यांच्या साहाय्याने लिहिलेला ‘टचिंग माय फादर्स सोल’ (२००१) हे ते तीन ग्रंथ होत.

(२)

प्रथम परिभाषेचा विचार करू. इंग्रजीतील ‘गाइड’ या शब्दाला मराठीत ‘मार्गदर्शक’ हा प्रतिशब्द रूढ आहे. पण तो येथे पुरेसा नाही. मार्गदर्शक मार्ग दाखवितो, स्वतः बरोबर येतोच असे नाही. ‘वाटाड्या’ हा जुना शब्द अधिक नेमका आहे, कारण वाटाड्या पुढे चालतो. तथापि आपला वाटाड्या हुकूम करीत नाही. मोलाच्या मोहिमेतील वाटाड्या मात्र कोणी वर जावे, कोणी मागे फिरावे, हे ठरवितो. ज्याच्याकडून द्रव्य घ्यावयाचे त्यालाच आज्ञा करावयाची, असा हा विलक्षण संबंध आहे. आपल्याकडे त्याच्याशी जुळणारा संबंध तीर्थक्षेत्रातील उपाध्ये आणि यजमान यांचा होय. दक्षिणा यजमानाची, पण कोठे बसावे, केव्हा उठावे, हे सांगणार उपाध्ये. फरक एवढाच की, विधीत चूक झाली तर प्रायश्चित्ताची सोय असते. आठ हजार मीटरांवर ती नसते. पुढील विवेचनात शुल्क भरणाऱ्या आरोहकास ‘यजमान’ म्हटले आहे ते या अर्थाने.

(३)

क्राकौअर हे ‘आउटसाइड’ या अमेरिकन नियतकालिकाचे प्रतिनिधी म्हणून रॉब हॉल या न्यूझीलंडच्या व्यावसायिक नेत्याच्या मोहिमेत दाखल झाले. या मोहिमेचे शुल्क माणशी पासष्ट हजार डॉलर होते. वादळाच्या वर्णनासाठी हा ग्रंथ प्रसिद्ध पावला. परंतु त्याचे खरे वाङ्मयीन बळ त्याआधीच्या प्रकरणांत आहे, असे माझे मत आहे. सुमारे ५,३०० मीटर उंचीवरील तळछावणीतील जीवन लेखकाने बारकाईने टिपले आहे. भोजनाचा तंबू, दगड रचून केलेली वेदी आणि तिच्यापुढे जळणारा धूप, रात्रीचा खोकला, उतरलेली भूक, पत्रांची वाट पाहणे यांचे चित्र तेथे आहे. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून यजमान वरच्या छावणीपर्यंत चढतो, खाली येतो, पुन्हा चढतो. खुंबूच्या हिमप्रपातातून त्याची ये-जा मोजकी असते. त्याच वाटेने तंबू, दोर, अन्न आणि प्राणवायूच्या नळकांड्या वाहणारे शेर्पा त्याहून कितीतरी अधिक वेळा जा-ये करतात. भेगांवर शिड्या टाकणे, दोर बांधणे, तंबू उभारणे ही कामे यजमान पोहोचण्यापूर्वी झालेली असतात. म्हणजे ज्याला तो पर्वत म्हणून अनुभवतो त्यावर अगोदरच माणसाच्या श्रमाचे संस्कार झालेले असतात.

या व्यवस्थेचा मनावर होणारा परिणाम क्राकौअर यांनी ओळखला आहे, आणि हीच या ग्रंथाची सर्वांत मोलाची उपलब्धी होय. १० मे १९९६ रोजी शिखरावरून उतरताना दक्षिण शिखराजवळ त्यांना अँडी हॅरिस हे त्यांच्याच मोहिमेतील वाटाडे भेटले. तेथे ठेवलेल्या प्राणवायूच्या नळकांड्या रिकाम्या आहेत, असे हॅरिस सांगत होते. प्रत्यक्षात त्यांत भरलेल्या नळकांड्या होत्या. हॅरिस यांची बुद्धी प्राणवायूअभावी काम करीत नव्हती. परंतु वाटाड्या चुकेल ही शंकाच यजमानाच्या मनात आली नाही. दोघे बरोबरीचे सोबती असते तर सोबत्याची अवस्था आपल्या ध्यानात आली असती, असे लेखक म्हणतो. आज्ञापालनाची सवय ही सुरक्षिततेसाठी लावलेली असते. तीच येथे दृष्टीला झाकून टाकते. मोलाच्या मोहिमेतील जीवनाविषयी याहून मूलगामी निरीक्षण या तिन्ही ग्रंथांत मला आढळले नाही.

दुसरी बाजू हॉल यांची आहे. दुपारी एक, फार तर दोन वाजता, शिखर गाठलेले नसले तरी मागे फिरावयाचे, अशी त्यांची शिस्त होती. डग हॅन्सन या टपालखात्यातील नोकरास त्यांनी १९९५ साली शिखर दृष्टिपथात असताना मागे फिरविले होते, आणि शुल्कात सवलत देऊन पुढील वर्षी पुन्हा बोलावले होते. १९९६ साली हॅन्सन दुपारी चार वाजून गेल्यावर माथ्यावर पोहोचले. हॉल त्यांच्यासाठी थांबले. दोघेही परतले नाहीत. नियम करणाऱ्यानेच नियम मोडला, एवढाच निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. एकदा नकार दिलेल्या यजमानाला दुसऱ्यांदा नकार देणे व्यावसायिकाला किती जड जाते, आणि त्या जडपणात लोभ किती व स्नेह किती, हे वेगळे करता येत नाही. क्राकौअर यांनी ते वेगळे करण्याचा अट्टाहास केलेला नाही, हा त्यांच्या लेखनातील संयम होय. मात्र त्याच मोहिमेतील तीन यजमान त्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास स्वतः होऊन मागे फिरले, त्यांच्या निर्णयाला ग्रंथात त्या मानाने अल्प स्थान आहे. त्यांच्यापैकी लू कासिश्के यांनी आपली बाजू सांगणारा ‘आफ्टर द विंड’ हा ग्रंथ २०१४ साली लिहिला. परत फिरणे ही घटना आहे, हे या वाङ्मयप्रकाराला मान्य व्हावयास अठरा वर्षे लागली, असे म्हणता येईल.

(४)

आता साक्षीच्या विश्वसनीयतेचा प्रश्न. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एकतृतीयांश असतो. स्मृती आणि विवेक दोन्ही तेथे दुबळी होतात. वादळात छावणीजवळ आपल्याला अँडी हॅरिस भेटले, असे क्राकौअर यांनी सप्टेंबर १९९६ च्या लेखात नमूद केले होते. ती व्यक्ती दुसऱ्या मोहिमेतील मार्टिन अ‍ॅडम्स होती, असे पुढे निष्पन्न झाले. हॅरिस छावणीपर्यंत आलेच नव्हते, आणि त्यांच्या कुटुंबाला मात्र भलतीच हकीकत सांगितली गेली होती. क्राकौअर यांनी ग्रंथात ही चूक उघडपणे दुरुस्त केली आहे. परंतु त्यातून जो सिद्धान्त निघावयास हवा होता तो त्यांनी स्वतःच्या अन्य विधानांना लावला नाही. ज्या स्मृतीने एका माणसाला दुसरा मानले, तिच्याच आधारे बुक्रीव्ह यांच्या वर्तनावरील अभियोग उभा आहे.

बुक्रीव्ह हे स्कॉट फिशर यांच्या मोहिमेतील वाटाडे. ते नळकांडीचा प्राणवायू न वापरता चढले आणि यजमानांच्या आधी छावणीत उतरले. वाटाड्याने यजमानांना मागे ठेवणे हे क्राकौअर यांना कर्तव्यच्युती वाटते. ‘द क्लाइंब’चे म्हणणे असे की, लवकर उतरून गरज पडल्यास चहा व प्राणवायू घेऊन पुन्हा वर येता यावे, अशी योजना होती आणि तिला फिशर यांची संमती होती. फिशर त्या रात्रीच्या आपत्तीतून वाचले नाहीत. तेव्हा या संभाषणाचा निर्णायक पुरावा मिळणे शक्य नाही. निर्विवाद असे एवढेच की, त्याच रात्री बुक्रीव्ह वादळात पुन्हा बाहेर पडले आणि त्यांनी तिघांना जिवंत परत आणले. डिसेंबर १९९७ मध्ये अन्नपूर्णेवर हिमलोटात त्यांचा अंत झाला.

या वादात पक्ष घेण्यापेक्षा ‘द क्लाइंब’च्या घडणीकडे पाहणे उपयुक्त ठरेल. बुक्रीव्ह यांचे इंग्रजी तोकडे होते. ग्रंथाचा मोठा भाग डिवॉल्ट यांनी तृतीय पुरुषात लिहिला असून मध्ये मध्ये बुक्रीव्ह यांचे प्रथमपुरुषी निवेदन येते. वकील आणि अशील आळीपाळीने बोलत आहेत, असा भास त्यामुळे होतो. वाङ्मयदृष्ट्या हा ग्रंथ क्राकौअर यांच्या ग्रंथाच्या पासंगालाही पुरत नाही. आणि नेमकी येथेच समीक्षकाने सावध राहावयास हवे. ज्याची शैली सरस त्याची साक्षही सरस, असे वाचक नकळत मानतो. क्राकौअर यांचा ग्रंथ अधिक प्रत्ययकारी आहे; म्हणून तो अधिक सत्य आहे असे ठरत नाही. कलात्मक प्रत्यय आणि पुराव्याचे बल ही दोन निराळी मूल्ये आहेत. हयात माणसांच्या वर्तनाचा निवाडा करणाऱ्या वाङ्मयात त्यांची सरमिसळ झाली, तर त्याची किंमत एखाद्याच्या नावलौकिकाने मोजावी लागते.

(५)

वरील दोन्ही पक्ष आपापली बाजू मांडू शकले. तिसऱ्या पक्षाचे काय? ११ मे रोजी हॉल यांना वाचविण्यासाठी आंग दोर्जे व ल्हाक्पा छिरी हे दोन शेर्पा भयंकर वाऱ्यात पुन्हा वर निघाले आणि अखेर त्यांना परत फिरावे लागले. धैर्याच्या दृष्टीने ही कृती बुक्रीव्ह यांच्या कृतीहून उणी नाही. परंतु ते का निघाले, काय बोलले, कोठे व कशाने मागे फिरले, हे आपण त्यांच्या तोंडून ऐकत नाही. या ग्रंथांत शेर्पा कृती करतात. त्यांना अंतरंग क्वचितच लाभते. त्यात नावांची अडचण भर घालते. शेर्पांची नावे पुष्कळदा जन्मवारावरून असतात : सोमवारचा दावा, मंगळवारचा मिंग्मा, बुधवारचा ल्हाक्पा, शुक्रवारचा पासांग. परक्या वाचकाच्या मनात हे सारे एकच होऊन जातात, आणि लेखक त्यांना वेगळे करण्याचे कष्ट घेत नाही. उत्तरेच्या बाजूने चढलेल्या भारत-तिबेट सीमा पोलीस दलाच्या तुकडीतील त्सेवांग सामन्ला, त्सेवांग पालजोर व दोर्जे मोरूप हे तिघे लडाखी त्याच वादळात मृत्यू पावले. त्यांच्यापैकी एकाचा मानला गेलेला देह पुढे अनेक वर्षे बुटांच्या हिरव्या रंगावरून वाटेची खूण म्हणून ओळखला जात होता. नाव जाऊन खूण उरणे, याहून निवेदनाधिकाराच्या अभावाचे कठोर उदाहरण सापडणार नाही.

तेनझिंग यांचे आत्मकथन १९५५ साली जेम्स रॅम्से उलमन यांनी शब्दबद्ध केले होते. तेनझिंग यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचे पुत्र जामलिंग शिक्षित असूनही त्यांच्या ग्रंथालाही सहलेखक आहे. पण येथे निवेदकाचे स्थान स्थिर आहे. १९९६ साली ते ब्रेशिअर्स यांच्या चित्रपट-मोहिमेचे आरोहणप्रमुख होते आणि आपत्तीनंतर काही दिवसांनी, २३ मे रोजी, शिखरावर पोहोचले. निघण्यापूर्वी त्यांनी लामांकडे कौल लावला होता आणि तो प्रतिकूल आला होता. त्या कौलाचे भय आणि पित्याच्या कीर्तीचे दडपण यांतून ग्रंथाला खरी अंतर्गत तेढ लाभली आहे. जो धूप क्राकौअर यांच्या ग्रंथात वातावरणाचा भाग होता, तो येथे कर्त्याच्या जबाबदारीचा भाग होतो. तरीही एक मर्यादा सांगितली पाहिजे. जामलिंग हे तेनझिंगपुत्र आहेत, सामान्य भारवाहक नव्हेत. ओझ्याखालच्या माणसाची हकीकत येथेही बऱ्याच अंशी शेजारून सांगितलेली आहे.

शेरी ऑर्टनर यांच्या ‘लाइफ अँड डेथ ऑन माउंट एव्हरेस्ट’ (१९९९) या मानववंशशास्त्रीय ग्रंथात ‘झिंदाक’ ही शेर्पा संकल्पना विशद केली आहे. झिंदाक म्हणजे ज्याच्या आश्रयाने माणूस मोठा होतो, पण ज्याच्यापुढे तो लहान होत नाही, असा पाठीराखा. मोहिमेचा धनी असा झिंदाक व्हावा, अशी शेर्पांची अपेक्षा असे. म्हणजे ज्याला आपण यजमान म्हटले तो स्वतःला आश्रित आरोहक समजतो, आणि शेर्पा त्याच्याकडे आश्रयदाता म्हणून पाहतो. एकाच दोराला बांधलेल्या दोन माणसांच्या मनात एकाच संबंधाचे दोन अर्थ असतात. मोहीम-वाङ्मयाला पहिल्या अर्थाचीच भाषा साधली आहे.

(६)

यावर असा आक्षेप येईल की, शेर्पा पोटासाठी चढतो. अनुभूतीच्या नोंदीची आस त्याला नाही, तेव्हा वाङ्मयाने ती त्याच्यावर का लादावी? हा आक्षेप १८ एप्रिल २०१४ नंतर टिकत नाही. त्या दिवशी खुंबूच्या हिमप्रपातात हिमलोट कोसळून सोळा नेपाळी कामगार ठार झाले. सरकारने प्रथम देऊ केलेली रक्कम चाळीस हजार नेपाळी रुपये होती. शेर्पांनी त्या मोसमात पुढे चढण्यास नकार दिला. जेनिफर पीडम यांच्या ‘शेर्पा’ (२०१५) या अनुबोधपटात हे सारे त्यांच्या स्वतःच्या बोलीत ऐकू येते. तेथे बोलणारी माणसे अनुभूतीने दरिद्री नाहीत. तोवर त्यांना कोणी विचारले नव्हते, एवढेच.

तेव्हा या वाङ्मयप्रकाराचे मूल्यमापन शिखराच्या उंचीवर किंवा आपत्तीच्या भीषणतेवर होऊ नये. निवेदकाचे ओझे कोण वाहत होते, आणि त्या माणसाला ग्रंथात किती जागा मिळाली, ही कसोटी त्याला लावावी. या कसोटीवर ‘इन्टु थिन एअर’ हा यजमानाच्या मनाचा श्रेष्ठ दस्तऐवज ठरतो, पर्वताचा नव्हे. ‘द क्लाइंब’ हा आवश्यक प्रतिवाद ठरतो. आणि जामलिंग यांचा ग्रंथ हा एका अपुऱ्या परंपरेचा प्रारंभ ठरतो. १९९८ साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले आणि २०१२ साली पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ची मोहीम तेथे यशस्वी झाली. म्हणजे ही वाट मराठी माणसाच्याही पायाखालची झाली आहे. मराठीतील मोहीम-लेखनाचा अभ्यास जे विद्यार्थी हाती घेतील, त्यांनी प्रत्येक वृत्तान्तातील शेर्पांची नावे, त्यांचे संवाद आणि त्यांना दिलेली वाक्ये प्रथम मोजून पाहावीत. त्या मोजणीतून जे हाती लागेल त्याने आपल्या वाङ्मयाचा गौरव होईलच असे नाही. परंतु त्यावाचून केलेला गौरव उसना असेल.