युद्धकाळांतील रेल्वेभाडें : एका जुन्या वादाचें परीक्षण

अमेरिकन यादवी युद्धांतील रेल्वेभाड्याचा वाद सांगतांना युद्धमंत्री सायमन कॅमेरॉन यांना खलपुरुष ठरवून मोकळें होण्याची प्रथा पडली आहे. ही मांडणी सोयीची खरी, पण अपुरी आहे.

1861 च्या जुलैमध्यें उत्तरेच्या युद्धखात्याच्या परिपत्रकानें दर सैनिकामागें मैलाला दोन सेंट भाडें ठरविलें. तें काढणारे थॉमस स्कॉट हे पेनसिल्व्हानिया रेल्वेचे उपाध्यक्ष. पुढें ते साहाय्यक युद्धमंत्री झाले, तरी कंपनीशीं त्यांचा संबंध तुटला नाहीं. कॅमेरॉन यांचेहि हितसंबंध नॉर्दर्न सेंट्रल रेल्वेंत गुंतलेले होते. गिऱ्हाईक आणि दुकानदार एकाच गादीवर बसले! प्रतिनिधि-सभेच्या चौकशी-समितीनें या व्यवहारावर ताशेरे झाडले, तें योग्यच झालें. गाड्याच्या गाड्या भरून देणाऱ्या गिऱ्हाइकास घाऊक दर मिळावा, हा साधा व्यापारी न्याय आहे. उलट, परतीच्या गाड्या रिकाम्या येण्याचा धोका कंपन्यांच्या माथीं होता, हेंहि विसरतां येत नाहीं.

परंतु खरी मेख पुढेंच आहे. कॅमेरॉन यांच्या जागीं आलेल्या एडविन स्टँटन यांनीं फेब्रुवारी 1862 मध्यें कंपन्यांचे प्रतिनिधी वॉशिंग्टनला बोलावले. त्या बैठकींत मालवाहतुकीस सूट मिळाली. सैनिकाचा दर मात्र दोन सेंटच राहिला! म्हणजे लोकांना सलत होता तो केवळ आंकडा नव्हे. तो कोणीं आणि कोणाच्या हितासाठीं ठरविला, ही शंका सलत होती. दर वाजवी असला तरी तो ठरविणारा निःस्पृह असावा लागतो. कर भरणाऱ्या व रणांत पुत्र धाडणाऱ्या प्रजेचा तेवढा हक्क आहे.